मुलाला खलनायकच आवडतो, तेव्हा

'मॅडम, आमचा मुलगा प्रत्येक गोष्टीत खलनायकाचीच बाजू घेतो. त्याच्या मनात काही वाईट तर रुजत नाही ना?' हा प्रश्न अनेक पालक मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. नऊ वर्षांच्या एका मुलाची आई हीच काळजी घेऊन आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). खेळात त्याला नेहमी दुष्ट राजाच व्हायचे असे आणि चित्रपटाच्या शेवटी खलनायक हरला की तो रुसून उठून जाई. वडिलांनी चित्रपट आणि मालिका पूर्ण बंद केल्या, तेव्हा तो तीच पात्रे वहीत काढू लागला.

मी त्याला कागद आणि रंगखडू दिले. त्याने काढलेला नायक कोपऱ्यात, जेमतेम बोटाएवढा होता. त्याला डोळे होते, पण तोंड नव्हते. उरलेला सगळा कागद खलनायकाने व्यापला होता आणि त्याचे उघडे तोंड इतक्या जोराने रंगवले होते की तिथे कागद फाटला. हा काय बोलतो आहे, असे विचारल्यावर मुलगा बऱ्याच वेळाने म्हणाला, 'काहीही. तो बोलायला लागला की सगळे थांबून ऐकतात.'

त्याचे निरीक्षण अगदी अचूक होते. लोकप्रिय कथांमध्ये खलनायकाला लांबलचक भाषण मिळते आणि नायकसुद्धा हातातले शस्त्र तसेच धरून ते पूर्ण होण्याची वाट पाहतो. हा मुलगा बोलताना अडखळत असे. वर्गात मुले त्याची नक्कल करीत, आणि घरी सगळे जण प्रेमापोटीच, पण घाईने, त्याची वाक्ये पुरी करून टाकीत. खलनायकाने गाव जाळले ते बरोबर होते का, असे मी विचारले, तेव्हा मात्र त्याने क्षणाचाही विलंब न लावता 'नाही, ते वाईटच' असे उत्तर दिले. त्याला हवा होता तो खलनायकाचा आवाज. त्याची कृत्ये नव्हेत.

पालकांची भीती निराधार असते, असे मी म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांच्या 1961 च्या प्रयोगात 3 ते 6 वर्षांची 72 मुले होती. त्यांपैकी ज्यांनी मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला मारताना पाहिले, त्यांतल्या अनेकांनी तसेच मारले. त्यांच्याच 1965 च्या प्रयोगात मारणाऱ्याला शिक्षा झाल्याचे पाहिलेल्या मुलांनी त्याचे अनुकरण इतर मुलांपेक्षा कमी केले. परंतु तसेच करून दाखवल्यास बक्षीस मिळेल असे सांगताच हा फरक उरला नाही. म्हणजे शिक्षा पाहून मुले ती कृती टाळतात, पण शिकलेली असतातच. म्हणूनच 'शेवटी चांगल्याचाच विजय होतो ना' या समाधानावर मी विसंबत नाही. मुलाशी बोलायचे ते गोष्टीच्या मध्येच, कुणाला तरी इजा होत असताना.

मूल प्राण्यांना किंवा लहान मुलांना मुद्दाम त्रास देत असेल, दुसऱ्याच्या वेदनेत त्याला मजा वाटत असेल, तर मात्र तज्ज्ञांची भेट लांबवू नये. इथे तसे काहीच नव्हते.

वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला मी दिला, नक्कल करणाऱ्या मुलांबद्दल आईने वर्गशिक्षिकांशी बोलायचे ठरले आणि घरच्यांना एवढेच सांगितले की त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. चित्रपट पुन्हा सुरू करावेत, पण सोबत बसून, मध्ये थांबवून, 'ज्याचे घर जळले त्याला आता काय वाटत असेल?' असे विचारावे. वडिलांना हे पटत नव्हते. 'म्हणजे वाईटाचे कौतुक करायचे का?' त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. कौतुक खलनायकाचे करायचे नाही, ऐकायचे आहे ते मुलाचे, असे मी त्यांना म्हटले. ते गप्प राहिले. मात्र पुढच्या भेटीला स्वतः आले.

अडीच महिन्यांनी आईने घरातला एक खेळ सांगितला. मुलगा अजूनही दुष्ट राजाच होता आणि नायक झाले होते वडील. राजाचे भाषण मध्ये तीनदा अडले. वडील पुठ्ठ्याची तलवार उगारून, एकही शब्द न पुरवता, तसेच उभे राहिले. बोलणे पुरे झाल्यावर मुलगाच म्हणाला, 'हं बाबा, आता लढा.'