आमच्या भागात चित्रपट बनावेत म्हणून राज्य सरकारकडून निधी हवा आहे. आमदारांना कसं गाठावं? निवेदनाचा नमुना मिळेल का?

नमुना देत नाही. निवेदनं आम्ही ढिगाने दिली आहेत. आमदारसाहेब समासात तिरकं ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ लिहून सही ठोकतात, आपण त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो, आणि तो कागद पुन्हा कुणी बघत नाही.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमचं शिष्टमंडळ गेलं होतं. पुढे आमच्या विदर्भातले एक ज्येष्ठ निर्माते, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंची तयारी म्हणजे शाल, श्रीफळ आणि मालिकेत काम करणारा एक नट. सकाळी आमदार निवासात पोचलो. साहेबांच्या पलंगावर बदल्यांचे, पाणंद रस्त्यांचे, रोहित्रांचे अर्ज पसरलेले, त्यावर आमचा कागद पडला. पीएने साधं विचारलं, “खातं कोणतं? पैसे कोणत्या लेखाशीर्षातून मागताय?” म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या नोंदीखाली. भाऊ म्हणाले, “ते साहेब बघतील.” साहेबांनी नटाबरोबर सेल्फी काढला, शेरा मारला, झालं. बाहेर आल्यावर भाऊ चहा पिताना म्हणाले, “काम फत्ते!”

मी नंतर एकटाच त्या पीएला भेटलो. तो म्हणाला, “साहेबांना भाषण नका देऊ, प्रश्न लिहून द्या.” मग बसून तारांकित प्रश्न, म्हणजे आमदाराने विधिमंडळात विचारायचा आणि मंत्र्याने उत्तर द्यायचा प्रश्न, लिहिला, त्या ठरलेल्या साच्यात: अमुक प्रस्ताव शासनाकडे प्रलंबित आहे, हे खरे आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तर आलं: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. भाऊ पोट धरून हसले. हसू देत. ते उत्तर तयार करायला सांस्कृतिक कार्य विभागातल्या कक्ष अधिकाऱ्याला फाईल शोधून काढावी लागली, तिच्यावर टिपणी चढली. विचाराधीन असल्याचं सभागृहात छापून आलं, की पुढच्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाचा आमदार ‘विचार कुठवर आला’ म्हणून विचारू शकतो. भाऊंच्या सेल्फीवर कोण काय विचारणार?

वेळेचंही तेच. डिसेंबरात नागपूरला जाऊन मार्चच्या अर्थसंकल्पाची आशा धरू नका. विभागांचे अंदाज तोवर वित्त विभागाकडे गेलेले असतात. पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मंजूर होणारा जादा खर्च, असतात, पण नवी योजना त्यात घुसवायला मंत्र्याचीच इच्छा लागते. पावसाळी अधिवेशनापासून मागे लागा. आणि आमदार निधीतून सिनेमा निघत नाही, फार तर गावात एखादं सभागृह बांधून होतं.

आता मागायचं काय? इथे माझं आणि भाऊंचं कायमचं वाजलेलं आहे. मराठी चित्रपटांना शासन 1975 पासून या ना त्या रूपात मदत करतं, आधी करमणूक कर परतावा, मग थेट अनुदान. अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला 40 लाख, ‘ब’ दर्जाला 30 लाख असं चाललं. भाऊंचं म्हणणं, हा आकडा वाढवून घ्या. अहो, पण ते पैसे सिनेमा पुरा झाल्यावर, परीक्षण समितीने गुण दिल्यावर मिळतात. म्हणजे ज्याला आधी पैसे उभे करता आले त्यालाच. आमच्याकडच्या पोराची गाडी संकलनाच्या आधीच अडकते. केरळच्या चित्रपट विकास महामंडळाने महिला दिग्दर्शकांसाठी निर्मितीलाच दीड कोटीपर्यंत पैसे द्यायची योजना काढली. तसं मागा, रक्कम लहान मागितली तरी चालेल. आणि पडदे मागा. प्रेक्षक नाही असं मला सांगू नका. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, रात्रभर नाटकं चालतात, गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांची रांग आहे. थिएटर मात्र तालुक्याला उरलेलं नाही. 2015 साली मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्यायचं ठरलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण जिथे मल्टिप्लेक्सच नाही तिथे त्याचं काय करायचं?

आम्हाला निधी मिळाला का, तर अजून नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. शिवाय आचारसंहिता लागली की सगळं ठप्प, आणि खात्याचा मंत्री बदलला की पुन्हा श्रीगणेशा. तुमचा आमदार खरंच रस घेणारा असेल तर माझं अर्धं बोलणं सोडून द्या.

तरी नट नेऊ नका. त्यापेक्षा एका चित्रीकरणाची बिलं न्या: लॉज, जेवणवाला, जनरेटर, गाड्या, गर्दीत उभ्या केलेल्या गावकऱ्यांची हजेरी. मतदारसंघात किती पैसा फिरला हे आमदाराला एका नजरेत कळतं. मी हे भाऊंना सुचवलं तेव्हा ते म्हणाले, बिलं दाखवणं कलावंताला शोभत नाही. त्यांच्या गेल्या सिनेमाच्या जनरेटरवाल्याला विचारा, बिल दाखवलेलं त्याला चाललं असतं.