वाचकांचे प्रश्न: कूलंट कमी होतंय म्हणजे कुठेतरी जातंय

प्रश्न: माझ्याकडे २००१ ची पोर्शे बॉक्स्टर एस आहे, इथे न्यू जर्सीतच सेकंड-हँड घेतली. मागच्या डिकीतल्या टाकीत कूलंट बरोबर मध्यावर भरून ठेवतो, दोन-अडीच महिन्यांत ते मिनिममच्या रेघेवर येतं. जमिनीवर एक थेंब दिसत नाही, टेंपरेचरचा काटाही नेहमीच्या जागी असतो. गॅरेजवाला म्हणतो, स्पोर्ट्स कार थोडं कूलंट पितेच, भरत राहा. खरं आहे का? आणि लेव्हल बघायची नीट पद्धत काय?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: नाही, अजिबात खरं नाही. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, ते मान्य. पण कूलंट बंद सिस्टिममध्ये फिरतं, ते जळायला किंवा संपायला वावच नाही, त्यामुळे लेव्हल सारखी खाली येत असेल तर एक तर ते बाहेर पडतंय नाहीतर इंजिनच्या आत शिरतंय. एकच अपवाद, नुकताच वॉटर पंप किंवा होस बदलला असेल तर आत अडकलेली हवा पहिल्या काही दिवसांत निघून जाते आणि लेव्हल एकदा खाली येते, तेवढं नॉर्मल. तुमचं दर दोन महिन्यांनी होतंय म्हणजे ते हे नाही.

आधी बघायची पद्धत. गाडी रात्रभर उभी राहिलेली, जमीन सपाट, इंजिन पूर्ण थंड, तेव्हाच बघायचं. गरम इंजिनात कूलंट फुगतं आणि लेव्हल वर दिसते, म्हणून पेट्रोल पंपावर थांबून बघितलेल्या लेव्हलला काही अर्थ नाही. मिनिमम आणि मॅक्सिममच्या मध्ये कुठेही असलं तरी चालतं, मॅक्सिममच्या वर मात्र भरू नका, फुगायला जागा लागते. टाकीवर मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा, आजच्या लेव्हलला पेनने रेघ, शेजारी तारीख आणि ओडोमीटरचा आकडा. पुढच्या वेळी ‘कमी झालंय बहुतेक’ असं न म्हणता किती मैलांत किती कमी झालं ते सांगता येईल, आणि मेकॅनिकशी बोलताना हा आकडा फार उपयोगी पडतो. ऑइलचं झाकणही तिथेच शेजारी आहे, उघडायच्या आधी चिन्ह बघा. गरम असताना तर कूलंटचं झाकण उघडायचंच नाही. आत दाब असतो म्हणूनच पाणी आणि ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) यांचं मिश्रण १२० अंश सेल्सियसच्या वरही उकळत नाही, झाकण सैल केलं की दाब जातो, त्याच क्षणी ते उकळून हातावर-तोंडावर येतं.

आता ते जातंय कुठे. तुमच्या मॉडेलमध्ये, म्हणजे ९८६ मध्ये, माझा पहिला संशय त्या टाकीवरच. प्लास्टिकची आहे, वीसेक वर्षं गरम-थंड होऊन तिला केसाएवढी चीर जाते, हा या गाडीचा माहितीतला आजार आहे. गंमत म्हणजे चीर थंड असताना बंद असते, गाडी तापून दाब आला की मगच झिरपते आणि झिरपलेलं डिकीच्या कार्पेटमध्ये मुरतं किंवा खाली गरम इंजिनावर सुकून जातं, म्हणून जमीन कोरडी. डिकी उघडल्या उघडल्या गोडसर वास येतो का बघा. टाकीजवळचं कार्पेट वर करून खाली हात फिरवा, ओलं किंवा चिकट लागलं तर उत्तर मिळालं. झाकणही बघून घ्या, त्याचं डिझाइन कंपनीने पुढे बदललं, पार्ट नंबरचे शेवटचे आकडे ०४ नसतील तर नवीन घ्या, टाकीच्या मानाने अगदी स्वस्त आहे.

तिथे काही नाही सापडलं तर वॉटर पंप. सील गेलं की पंपाखाली सुकलेल्या कूलंटचे पांढरट किंवा रंगीत ओघळ दिसतात. मग पुढचे रेडिएटर. इंजिन मधोमध असलं तरी या गाडीचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत, एस मध्ये मधला तिसरासुद्धा, आणि कूलंट गाडीच्या पोटाखालून लांब पाइपांतून पुढे-मागे फिरतं. बंपरच्या तोंडांतून पानगळीत अख्खा पाचोळा आत जातो, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये साठतो, ओला राहतो आणि ॲल्युमिनियम कुजवतो. न्यू जर्सीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किती पानं पडतात ते तुम्हाला मी सांगायला नको. बंपर काढून एकदा नीट साफ करून घ्या, हे काम लोक वर्षानुवर्षं टाळतात आणि मग रेडिएटरच बदलावा लागतो.

शेवटचा आणि सगळ्यात महागाचा प्रकार म्हणजे आत शिरणं. टाकीचं झाकण थंड असताना उघडून बघा, वर चहावरच्या सायीसारखा तपकिरी थर दिसला तर ऑइल आणि कूलंट एकत्र होतंय, गाडी तिथेच थांबवा. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहत असेल तर तेही वाईट लक्षण.

गॅरेजमध्ये जाऊन ‘भरून द्या’ म्हणू नका, ‘प्रेशर टेस्ट करा’ म्हणा. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून दाब देतात आणि काटा पंधरा-वीस मिनिटं स्थिर राहतो का बघतात, फार मोठं काम नाही. तुमचा मेकॅनिक याला नाही म्हणाला तर मेकॅनिक बदला, हे मी मनापासून सांगतोय.

काटा नेहमीच्या जागी आहे यावर मात्र विसंबून राहू नका. अमेरिकेत विकलेल्या या गाडीत तो साधारण १८० अंश फॅरनहाइटच्या आकड्यापाशी असतो आणि बराच वेळ तिथेच बसून राहतो, उलट लेव्हल फार खाली गेली की सेन्सरला कूलंटऐवजी वाफ लागते आणि तो चुकीचंच सांगतो. त्याआधी एक गोष्ट कळते, हीटर चालू असताना अचानक गार हवा यायला लागली तर सिस्टिममध्ये कूलंट कमी आणि हवा जास्त झालीये. काटा चढायलाच लागला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी उभी करा. ‘घरापर्यंत जाऊ या’ यात इंजिनचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

तोपर्यंत टॉप-अप करायचं ते अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. तुमच्याकडच्या थंडीत हे प्रमाण महत्त्वाचं, ५०:५० मिश्रण साधारण उणे ३७ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही. कूलंट जास्त घातलं तर अजून चांगलं असं नाही हं, नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. रंग बघून कूलंट विकत घेऊ नका, रंगाचं काही स्टँडर्ड नाही, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा. आणि जुने पोर्शेवाले काका काही सांगायला लागले तर त्यांची ९११ कुठली ते आधी विचारा, नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत ती एअर-कूल्ड होती, तिला कूलंटच नव्हतं.

प्रश्न: माझी ७१८ केमन आहे. मित्रांबरोबर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जातोय. तिथे थंडी नाही, मग कूलंट काढून नुसतं पाणी आणि थोडं ॲडिटिव्ह घातलं तर इंजिन गार राहील ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर: नुसतं पाणी मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, हे बरोबर आहे, रेसिंगवाले म्हणूनच वापरतात. शिवाय ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की भयंकर निसरडं होतं, त्यामुळे बाइक रेसिंगमध्ये तर अनेक ठिकाणी त्याला बंदीच आहे. पण रेसिंगची गाडी शर्यतीनंतर खोलतात, तुम्ही सोमवारी तीच घेऊन हिंजवडीला जाणार. एका दिवसासाठी सगळी सिस्टिम रिकामी करायची, परत भरायची, हवा काढायची, यात बिघडायचेच चान्स जास्त. हवा नीट निघायला व्हॅक्यूम लावून भरावं लागतं, ते अंगणात जमत नाही. आहे ते ५०:५० राहू द्या. आदल्या दिवशी थंड गाडीची लेव्हल बघा. सेशनचा शेवटचा लॅप हळू मारा, करी जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे, वाटलं तर दोन हळू मारा. तुमच्या गाडीला टर्बो आहे, पिटमध्ये येऊन लगेच बंद करू नका, आणि बंद केल्यावर फॅन किंवा पंपाचा आवाज येत राहिला तर घाबरू नका, तो उरलेली उष्णता काढतोय. पुढच्या जाळ्यांत रबराचे तुकडे आणि खडे अडकतात ते संध्याकाळी साफ करा. लेव्हल दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा.

प्रश्न: गाडी फक्त रविवारी बाहेर निघते, चार वर्षांत फार चाललेली नाही. लेव्हल तर बरोबर आहे. तरी कूलंट बदलावं लागेल?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: हो. लेव्हल बरोबर आहे म्हणजे कूलंट चांगलं आहे असं नाही, त्यातली गंज रोखणारी द्रव्यं गाडी उभी असली तरी वयाने संपतात. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते धरा. बदलताना बोअरचं पाणी तर नाहीच, फिल्टरचंही नको, त्यात क्षार राहतात, बॅटरीसाठी मिळतं ते डीमिनरलाइज्ड पाणी घ्या. काढलेलं जुनं कूलंट सोसायटीच्या गटारात ओतू नका, गॅरेजला परत द्या. आणि पार्किंगमध्ये सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि मांजराला एक-दोन चमचेसुद्धा जीवघेणे ठरतात. चाटलेलं दिसलं तर उलटी होते का याची वाट बघत बसू नका, तसंच उचलून डॉक्टरकडे न्या, आणि कूलंटचा डबा बरोबर ठेवा.