कॉलेजात ‘समलैंगिकता : योग्य की अयोग्य?’ अशी वादविवाद स्पर्धा ठेवू का?

प्रश्न : आमच्या कोल्हापुरातल्या कॉलेजात एलजीबीटीक्यू (समलिंगी, तृतीयपंथी वगैरे) व्यक्तींच्या हक्कांवर कार्यक्रम घ्यायचाय. वरच्या विषयावर स्पर्धा ठेवली तर चालेल का? एक सर म्हणतात, हे पुण्या-मुंबईचं खूळ, इथे नको.

उत्तर : स्पर्धा घ्या, हा विषय नको. प्रेक्षकांत एखादा मुलगा समलिंगी असला तर आपण असावं की नसावं यावर त्याने वर्गमित्रांची भाषणं ऐकायची, वर टाळ्याही वाजवायच्या. शिवाय सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ लाच सांगितलंय. वादच हवा असेल तर विवाहाचा घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो कायदेमंडळाचा विषय ठरवला. तिथे दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं भरपूर आहे.

पण मी तुमच्या जागी असते तर कॉलेजच्याच कारभारावर बोलले असते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत मुलींबरोबरच काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात, हे स्पष्ट नोंदवलंय. तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत तीन विद्यार्थी असावे लागतात, तेही निवडून आलेले. आणि यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ ला झालेल्या दुरुस्तीनंतर लैंगिक कलावरून (कुणाबद्दल आकर्षण वाटतं त्यावरून) विद्यार्थ्याला छळणं हे रॅगिंगच. आता समितीतले ते तीन विद्यार्थी कोण, हे तुमच्या कॉलेजात कुणाला विचारून बघा. बहुतेकदा ऑफिसबाहेरच्या फलकाकडे बोट दाखवतात आणि फलकावर बदली होऊन गेलेल्या मॅडमचं नाव असतं.

‘खूळ’ म्हणणाऱ्या सरांना कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यात्रेची आठवण करून द्या. रेणुकेच्या यात्रेला इथून एसट्या भरून जातात. साडी नेसलेले, डोक्यावर जग (देवीची मूर्ती बसवलेली टोपली) घेतलेले जोगते, म्हणजे देवीला सोडलेले पुरुष, त्यांनी पाहिले नसतील असं होणारच नाही. (जोगता म्हणजे एलजीबीटीक्यू असं सरळ समीकरण मात्र मांडू नका, त्यात देवाला सोडण्याची प्रथा आहे, गरिबी आहे.) जोगत्याच्या पाया पडणारा माणूसच त्याला खोली भाड्याने द्यायची वेळ आली की नाही म्हणतो. चर्चा इथून सुरू झाली तर पुण्या-मुंबईचं नाव कोण काढणार?

आणि व्यासपीठाकडे लक्ष द्या. मी इथेच शिकवते, म्हणून सांगते : लिंगभाव समानतेच्या कार्यक्रमात रांगोळी, स्वागतगीत, शाल-श्रीफळाचं तबक मुलींकडे, सूत्रसंचालनही मुलीकडेच, वर खुर्चीत पाच सर. प्रास्ताविकात शाहू महाराज येतात, मग पीएच.डी. करणारी एखादी मुलगी गाईडच्या वागण्याबद्दल विचारायला उठते आणि तिला ‘वेळेअभावी’ बसवतात. हे घडताना मी पाहिलंय. अध्यक्षपद एखाद्या अभ्यासू मॅडमना द्या आणि सत्कार निम्म्यावर आणा.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या, बिननावाच्या. आपल्या गावात ‘पोरगं कुणाचं?’ या प्रश्नाचं उत्तर संध्याकाळपर्यंत पेठेत पोचतं, म्हणून माईक हातात देऊन कुणाला ‘स्वतःचा अनुभव सांग’ म्हणू नका. मोबाईलवर शूटिंग बंद, हे सुरुवातीलाच जाहीर करा. परवानगीच्या अर्जात २०१५ आणि २०१६ च्या नियमांचा उल्लेख करा, म्हणजे प्राचार्यांना संस्थेच्या लोकांपुढे दाखवायला कागद राहतो. विद्यापीठाच्या अग्रणी महाविद्यालय योजनेतून कार्यशाळा म्हणून बसवता येतंय का तेही विचारा, चहा-नाश्त्याचा खर्च सुटेल.