नायिका शोधणाऱ्या तरुण दिग्दर्शकास

चि. दिग्दर्शक मित्रास,
अनेक आशीर्वाद.

पहिल्याच चित्रपटाची नायिका नवी हवी आणि ती कोल्हापूरच्या पंचक्रोशीतलीच हवी, हा तुझा आग्रह मला मनापासून आवडला. तू पाठवलेल्या छायाचित्रांवर मात्र मी मत देणार नाही, कारण छायाचित्रातून मुलीचा आवाजही कळत नाही आणि तिची शिकण्याची तयारीही कळत नाही.

जुन्या काळचे दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांचेच पाहा. चिकोडी तालुक्यातील खडकलाटची एक मुलगी मास्टर विनायकांच्या चित्रपटात छोटे काम करून पुढे कोल्हापुरात भालजींच्या जयप्रभा स्टुडिओत आली, तेव्हा तिच्या तोंडी खेड्यातली बोली होती आणि शाळाही फारशी झालेली नव्हती. भालजींनी तिला सुलोचना हे नाव दिले, तिच्या उच्चारांवर मेहनत घेतली आणि 1946च्या 'सासुरवास'मध्ये तिला नायिका केले. भालजींची खरी थोरवी मला त्या उच्चारांवरच्या मेहनतीत दिसते. अशी मेहनत करण्याइतका वेळ तुझ्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकात आहे का, हे आधी तपास.

दुसरे उदाहरण कोल्हापुरातच सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे. दुर्गा खोटे यांच्या पहिल्या चित्रपटावर बरीच टीका झाली होती, तरीही व्ही. शांताराम यांनी 1932च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामतीची भूमिका त्यांनाच दिली. तेव्हा एखाद्या मालिकेत वाया गेलेली मुलगी केवळ त्या कारणाने यादीतून खोडू नकोस.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, महाविद्यालयांच्या एकांकिका आणि विशेषतः त्यांच्या तालमी तू स्वतः जाऊन पाहा. साहाय्यकाला पाठवून भागणार नाही. कोणी मनात भरली, तर चाचणीत तिला लांबलचक स्वगत देऊ नकोस. तिला भाकरी थापायला बसव आणि कॅमेऱ्यामागून दुसऱ्या कोणाला तरी सासूचे टोचरे बोलणे म्हणू दे. पीठ मळणारा हात कोणत्या शब्दाला थबकतो, तव्यावरची भाकरी उलटताना नजर कुठे जाते, हे नीट बघ. समोरच्याचे बोलणे जिला मनापासून ऐकता येते, तिला संवाद शिकवता येतात. उलट क्रमाने हे फार अवघड जाते, असे माझे ठाम मत आहे. तिच्या बोलण्यातला कोल्हापुरी हेल भूमिकेला शोभत असेल, तर तो तसाच राहू दे.

निवड पक्की झाली की तिच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर सगळी पटकथा वाचून दाखव, अडचणीचे प्रसंग तर आवर्जून वाच. मानधन, चित्रीकरणाचे दिवस, रात्री घरी पोहोचवण्याची सोय हे सगळे करारात लिहून दे. चित्रपट लांबला, तर तिची परीक्षा किंवा नोकरी अडकून पडणार नाही याची जबाबदारीही तुझीच राहील. एवढे मान्य असेल, तर संहितेची प्रत धाड. पहिल्या वाचनाला मी येईन.

तुझा शुभचिंतक