दर वर्षी ज्ञानेश्वरी सहाव्या अध्यायापाशी का सुटते?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की आषाढीला संकल्प करून रोज 25 ओव्या वाचायला घेता, गणपतीच्या आसपास सहाव्या अध्यायाशी वाचन थांबतं आणि दर वर्षी हेच होतं. मग श्रद्धाच कमी पडते का?

श्रद्धेवर जायच्या आधी गणित मांडून बघा. पहिल्या पाच अध्यायांच्या ओव्या 1331. रोज 25 म्हणजे 54 दिवस. आणि आषाढी एकादशी ते गणेश चतुर्थी हे अंतर (मध्ये अधिक महिना नसेल तर) साधारण 52 दिवसांचं. म्हणजे सहावा उघडायचा आणि घरात मखर उभं राहायचं, हे एकाच आठवड्यात येतं. त्यात सहावा अध्याय योगाचा. कुंडलिनीचं वर्णन पहिल्या वाचनात डोक्यावरून जाणारच.

खरा घात मात्र त्यानंतर होतो. सहा दिवस खाडा पडला की 150 ओव्यांची थकबाकी. ती रविवारी एका बैठकीत भरून काढू म्हणतो, जमत नाही, आणि पुस्तक कपाटात जातं. म्हणून पहिला नियम: थकबाकी भरायची नाही. खूण जिथे असेल तिथून पुढे. अगदीच वेळ नसेल त्या दिवशी पाच ओव्या, पण कोरा दिवस नको.

सुरुवात आषाढीऐवजी कार्तिकीला करा आणि रोज 30 घ्या. एकूण ओव्या 9033 (प्रतीप्रमाणे एखाद-दुसरी इकडेतिकडे), म्हणजे 302 दिवस. पुढच्या कार्तिकीपर्यंत साधारण 354 दिवस मिळतात, तेव्हा पन्नासेक दिवस बुडाले तरी चालतं. सहावा पौषाच्या तोंडावर येतो, तेव्हा मोठा सण नसतो. गणपतीत तुम्ही अठराव्याच्या शेवटाकडे असाल. तेव्हा खुशाल आठवडाभर थांबा.

प्रत सार्थच घ्या. मोठ्याने ओव्या आणि मग अर्थ, मिळून वीसेक मिनिटं. तुमच्या रोजच्या घणसोली-ठाणे लोकलमध्ये सकाळी उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ, तिथे पुस्तक उघडायच्या फंदात पडू नका. घरी वाचलेल्यातली एक ओवी पाठ करून निघा, ठाणे येईपर्यंत तेवढी पुरते. न कळलेल्या ओवीला पेन्सिलीची खूण करायची आणि पुढे जायचं. सगळं कळल्याशिवाय पान उलटणार नाही हा हट्ट सहाव्यात हमखास नडतो.

श्रद्धेची गरज लागते ती तेराव्यात. जवळजवळ 1170 ओव्या, म्हणजे 39 दिवस एकच अध्याय, तोही एप्रिल-मेमध्ये गावी जायच्या दिवसांत. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा असे एकेक गुण माउली इतके उलटसुलट करून सांगतात की तेच तेच चाललंय असं वाटतं. अहिंसेचा भाग तर संपता संपत नाही. माझ्या मते हा अध्याय घाईने उरकू नये. इथे 30 च्या 15 केल्या तरी हिशेबात बसतं, फक्त 39 दिवस आणखी जातात आणि हाताशी तेरा दिवस उरतात. गावी जाताना मोठी प्रत नेण्यापेक्षा तेवढ्याच अध्यायाची सुटी पुस्तिका मिळाली तर बॅगेत टाका.