व्हीलचेअरपासून सुरू कर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. 'निर्वाणा' या अमेरिकन रॉक बँडवरचा तुझा लेख मिळाला. दोनदा वाचला. एकदा रात्री नुसताच, आणि सकाळी ती गाणी लावून. तू जीव ओतून लिहिलं आहेस, म्हणून मीही हातचं न राखता लिहितो. त्यांच्या गायकाचा, कर्ट कोबेनचा मृत्यू तुझ्या पहिल्याच ओळीत येतो आणि मग शेवटपर्यंत जागचा हलत नाही. प्रत्येक गाण्याकडे तू एप्रिल 1994 मधल्या त्या मृत्यूपासून मागे वळून पाहतेस. 'वेदना' हा शब्द अकरा वेळा आला आहे, मी मोजला. आणि वीअर्ड अल यँकोविक या विडंबनगायकाने त्यांच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' या गाण्याचं केलेलं विडंबन तू 'अपमान' म्हणून एका वाक्यात निकालात काढलंस. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे वाक्य.

त्या विडंबनाची हकिगत अशी. जानेवारी 1992 मध्ये निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड' या अल्बमने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली सारून अमेरिकेच्या यादीत पहिला क्रमांक घेतला. त्याच दिवसांत निर्वाणा 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात वाजवायला न्यूयॉर्कला आले होते. कार्यक्रमातली एक अभिनेत्री यँकोविकच्या ओळखीची होती, तिच्यामार्फत त्याने कोबेनला फोनवर गाठलं. अमेरिकेचा कायदा विडंबनाला बरीच मोकळीक देतो, तरी मूळ कलाकाराला विचारायचं हा त्याचा रिवाज. प्रिन्सने त्याला वारंवार नकार दिला आणि त्याने तो नकार पाळला. कोबेनने विचारलं, गाणं खाण्यापिण्यावर आहे का? (यँकोविकची गाजलेली विडंबनं तशीच होती.) यँकोविक म्हणाला, नाही, तुमच्या गाण्याचे शब्द कुणालाच कळत नाहीत, त्यावर आहे. कोबेनला ही कल्पना मजेची वाटली आणि त्याने होकार दिला.

आता हेडफोन लावून ते विडंबन ऐक. गिटारचा खरखरीतपणा, हलक्या ओळींनंतर एकदम कोसळणारा आवाज, शब्द गिळत गाण्याची कोबेनची ढब, सगळं जागच्या जागी आहे. व्हिडिओत तर मूळ व्हिडिओतला सफाई कामगार झालेला नटच पुन्हा घेतला आहे. सोलोमध्ये गुळण्या ऐकू येतात. एखाद्या गाण्याची अशी नक्कल करायची तर ते किती वेळा आणि किती बारकाईने ऐकावं लागेल, याचा विचार कर. आपल्याकडे 1925 मध्ये 'झेंडूची फुले' आली तेव्हा अत्र्यांनी हेच केलं होतं. रविकिरण मंडळाच्या कवींची वृत्तं आणि लकबी त्यांना पाठ होत्या, म्हणून त्यातली एकेक ओळ नेमकी लागते. तू ते पुस्तक माझ्याच कपाटातून नेलं होतंस आणि पोट धरून हसली होतीस. तेव्हा तुला कुणाचा अपमान झालासा वाटला नाही.

पण माझं मुख्य म्हणणं विडंबनकाराबद्दल नाहीच. विनोद निर्वाणाच्या आतच होता, आणि तुझ्या लेखात तो कुठेच नाही.

नोव्हेंबर 1991 मध्ये बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर त्यांना ध्वनिमुद्रित वाद्यसंगीतावर नुसतं वाजवल्याचं दाखवायला सांगितलं. कोबेनने आवाज घोगरा आणि खोल करून गाणं म्हटलं आणि गिटारच्या तारांना हात जेमतेम लावला. नंतर ऑगस्ट 1992 मधला इंग्लंडमधला रेडिंग महोत्सव. त्याची प्रकृती ढासळली आहे, तो येणारच नाही, अशा अफवा तेव्हा वृत्तपत्रांत उठल्या होत्या. मुलगी जन्मून दोन आठवडेही झाले नव्हते. तो मंचावर आला तो व्हीलचेअरवर, रुग्णालयातला झगा आणि सोनेरी केसांचा टोप घालून. कसाबसा उठला, माइकपाशी एक ओळ गायला आणि आडवा पडला. मग उभा राहिला आणि पूर्ण मैफल वाजवली.

मी ते चित्रीकरण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुण्यातल्या वसतिगृहात आम्ही एकच कॅसेट पाचजणांत फिरवायचो, आणि 1994 नंतर ती ऐकताना कुणी बोलायचं नाही. इतकी वर्षं आम्ही फक्त सुतक ऐकलं होतं. रेडिंग पाहिल्यावर मला तो माणूस परत मिळाला. तुझ्या लेखातही तो मला भेटावा असं वाटतं.

त्याचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर 1993 मधला एमटीव्हीचा 'अनप्लग्ड' कार्यक्रम तू सुंदर लिहिला आहेस. लिली आणि मेणबत्त्या त्यानेच मागवल्या होत्या, हेही बरोबर. पण त्या रात्रीची सहा गाणी दुसऱ्यांची होती, हे तू गाळलंस. बोवी, लेड बेली, स्कॉटलंडचे व्हॅसलिन्स, आणि तीन गाणी मीट पपेट्स या बँडची, त्यासाठी त्यांच्यातल्या दोघा भावांना मंचावर बसवलेलं. 'मला पिक्सीज बँडसारखं गाणं लिहायचं होतं' हेही त्याने जाहीरपणे सांगितलेलं आहे. जगातला सर्वात गाजलेला बँड हाताशी असताना हा माणूस चाहत्यासारखा वागत होता.

याच मुद्द्यावर तुझा तो टी-शर्टचा परिच्छेद. एकही गाणं न ऐकता निर्वाणाचा टी-शर्ट घालणाऱ्या तुझ्या वर्गातल्या मुलीवर तू चिडली आहेस. 1992 च्या एमटीव्ही पुरस्कारांच्या वेळी कोबेनच्या अंगावर डॅनियल जॉन्स्टनचा टी-शर्ट होता. ऑस्टिनमध्ये घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटी लोकांच्या हातात देणारा हा गायक तोवर फार थोड्यांना ठाऊक होता. त्या टी-शर्टमुळे कितीजण त्याच्याकडे वळले! परिच्छेद काढून टाक. त्या मुलीला एक गाणं ऐकव, कुठलं ते तू ठरव.

राहता राहिला 'दे माइट बी जायंट्स' हा बँड. तू त्यांना 'पोरकट' म्हटलंस आणि पुढे गेलीस. ब्रुकलिनमधले दोन जॉन, फ्लान्सबर्ग आणि लिनेल. 1983 च्या सुमारास एकाचा सायकल अपघातात मनगटाचा अस्थिभंग झाला, दुसऱ्याच्या घरी चोरी झाली, कार्यक्रम बंद पडले. तेव्हा त्यांनी आन्सरिंग मशीनवर गाणी भरून ठेवली आणि वृत्तपत्रात फोन नंबर छापला. एका वेळी एकच माणूस फोन करून ऐकू शकायचा. 1990 मध्ये ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलेलं त्यांचं गाणं एक निळा, पक्ष्याच्या आकाराचा रात्रीचा दिवा गातो. खोलीत कुणीतरी झोपलेलं असतं आणि दिवा जागा असतो. हसू येतं, आणि त्याच क्षणी घशात काहीतरी दाटतं. मला हे दोन्ही एकत्र देणारी फार थोडी गाणी माहीत आहेत. तुला खरंच ती पोरकट वाटली तर तसं लिही, पण कुठल्या ओळीत, कुठल्या सुरात, ते दाखव. त्यांनी गायलेल्या 'इस्तंबूल'वाल्या गाण्याचं श्रेय मात्र त्यांना देऊ नकोस. ते मुळात 1953 मध्ये फोर लॅड्स या गायकांच्या चौकडीने गायलं होतं.

दुसरा खर्डा करताना पहिलं पान फाडून टाक. रेडिंगचं चित्रीकरण आवाज मोठा करून पाहा आणि लेख त्या व्हीलचेअरपासून सुरू कर. एप्रिल 1994 येईल तेव्हा येऊ दे. लिहून झालं की रविवारी घरी ये, अल्बम मी काढून ठेवतो.

तुझा,
काका