बाळाच्या हाताला दोन अंगठे आहेत. ऑपरेशन कधी करावं, आणि दोरा बांधून चालेल का?

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांच्या मुलाच्या उजव्या हाताला दोन अंगठे आहेत, घरचे दोरा बांधून एक गळून पडू द्यायला सांगतायत, आणि ऑपरेशन आत्ता करावं की शाळेत जायच्या वेळी, ते कळत नाहीये. दोरा बांधू नका. एवढं आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचा.

माझ्या लेकीला डाव्या हाताला असेच दोन अंगठे होते. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. सासूबाई म्हणाल्या, सहा बोटांची म्हणजे नशीब घेऊन आलीये, आणि त्या प्रेमानंच म्हणाल्या. पण घराजवळच्या एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं, पाच मिनिटांचं काम आहे, मुळाशी दोरा करकचून बांधू. आम्ही हो म्हणणारच होतो. ओळखीच्या एका नर्सताईंनी अडवलं. त्या म्हणाल्या, अहो, त्याला हाड आहे, सांधा आहे, निदान एक्स-रे तरी काढा.

एक्स-रे बघताना हाताच्या सर्जननी पेनाच्या टोकानं दाखवलं: तळहातातलं अंगठ्याचं हाड एकच, पण त्याचं डोकं जास्तच रुंद, आणि त्या डोक्यावर दोन अंगठे झाडाच्या बेचक्यासारखे बसलेले. दुभंग किती खालपासून आहे त्यावरून याचे सात प्रकार मानतात, वासेल यांची १९६९ची वर्गवारी. आमचा चौथा, आणि हाच सगळ्यात जास्त आढळतो. मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझा सगळा समज बदलला. म्हणाले, यातला एक खरा आणि एक जादा असं नसतं. एकच अंगठा वाढताना दोन्हीकडे वाटला गेलाय, म्हणून दोन्ही थोडे बारीक आहेत. आपल्याला दोघांचं मिळून एक चांगलं करायचंय.

म्हणजे प्रत्यक्षात असं. बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा अंगठा काढतात आणि तर्जनीकडचा ठेवतात, कारण चिमटीत वस्तू धरताना जोर त्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, म्हणजे सांध्याची हाडं बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यावर, येतो आणि ते शाबूत ठेवायचं असतं. पण अंगठ्याला तळहातासमोर आणणारे स्नायू अनेकदा बाहेरच्यालाच चिकटलेले असतात. ते सोडवून राहिलेल्या अंगठ्याला शिवावे लागतात. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट नव्यानं बांधावं लागतं, हाडाचं रुंद डोकं तासावं लागतं, हाड वाकडं असेल तर कापून सरळ करावं लागतं. दोरा बांधून किंवा वरवर कापून यातलं काहीच होत नाही. सांधा सैल राहतो आणि मूल वाढेल तसा अंगठा वाकडा होत जातो. दोन्ही अगदी सारखे आणि दोन्ही फार बारीक असतील तर मधला भाग काढून दोन अर्धे जोडतात, पण त्यात नखावर रेघ राहते आणि टोकाचा सांधा ताठर होऊ शकतो. आमच्या डॉक्टरांना ते शक्यतो टाळायचं होतं.

वयाचं म्हणाल तर साधारण एक वर्षाच्या आसपास करतात. नऊ-दहा महिन्यांपासून मूल चिमटीनं उचलायला शिकतं, आणि ती सवय चुकीची पक्की व्हायच्या आत अंगठा जागेवर आलेला बरा. माझी लेक सेव-ममऱ्यातला ममरा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरून उचलायची, सिगारेट धरतात तसा. ते बघून मी शाळेपर्यंत थांबायचा विचार सोडला. तिचं तेराव्या महिन्यात झालं.

भुलीची मला फार भीती होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा पुन्हा पुन्हा द्याव्या लागणाऱ्या भुलीबद्दल आहे, एकदाच दिलेल्या थोड्या वेळाच्या भुलीबद्दल नाही. तुम्ही एवढं बघा, की लहान मुलांना रोज भूल देणारे भूलतज्ज्ञ तिथे आहेत का.

नंतरचे पाच आठवडे कठीण गेले. हाडातून एक बारीक तार घातली होती आणि प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत होतं, कारण लहान प्लास्टर मुलं ओढून काढतात. मी त्यावर बाबांचा जुना मोजा चढवून खांद्याशी सेफ्टीपिन लावायची. तार ओपीडीतच निघाली, रडणं मिनिटभर. मग रात्री अंगठा सरळ धरणारा स्प्लिंट आणि खोबरेल तेलानं व्रणाची मालिश.

आज ती सहा वर्षांची आहे. अंगठा दुसऱ्यापेक्षा थोडा बारीक आहे, टोकाशी पूर्ण वाकत नाही, आणि हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. फ्रॉकची बटणं ती स्वतः लावते. वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून दाखवायचं आहे, कारण काही मुलांना पुढे दुसरं ऑपरेशन लागतं.

हे वाचणाऱ्या कुणाच्या बाळाच्या हाताला अंगठा एकच असेल आणि तोही फारच छोटा किंवा नुसत्या कातडीवर लोंबता असेल, तर तो प्रश्न निराळा आहे. तिथे मुळाचा सांधा स्थिर आहे का यावर सगळं ठरतं. स्थिर असेल तर असलेला अंगठाच बळकट करतात, नसेल तर बहुतेकदा तर्जनी फिरवून तिचा अंगठा करतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण तर्जनीचा केलेला अंगठा कामाला येतो, लोंबता अंगठा कामाला येत नाही. अशा बाळांचं हृदय, मूत्रपिंड आणि रक्त ऑपरेशनआधी तपासून घ्यायलाच हवं.

तुम्ही सर्जनना एकच गोष्ट नक्की विचारा: लिगामेंट आणि स्नायूंचं काय करणार? उत्तर "काही नाही, नुसतं काढू" असं आलं आणि एक्स-रेत हाड दिसत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेत कुठला प्रकार निघाला ते इथे लिहा, मला माहीत असेल तेवढं सांगेन.